पुनर्जन्म झाला, शक्ती मिळाली, पुढे काय?

घोडबंदरकर

आधीच सांगते, हा धागा प्रेमकथांच्या विरोधात नाही. मला प्रेमकथा लागतातच, आणि त्यात पुनर्जन्म असेल तर दुधात साखर. माझं भांडण त्यातल्या कथानकाशी आहे. खरं तर कथानक जागेवर नसण्याशी.

मोबाइलवर रोज एकेक भाग येणाऱ्या कथा-ॲपवरच्या मालिका वाचणाऱ्यांना साचा एव्हाना पाठ झाला असेल. नायिकेला नवरा आणि सावत्र बहीण संगनमताने मारतात. ती डोळे उघडते तो पाच वर्षं मागे, साखरपुड्याच्या दिवशी सकाळी. कोरियन-जपानी वळणाची गोष्ट असेल तर मेल्यावर ती स्वतःच वाचलेल्या कादंबरीत जागी होते, बहुतेक वेळा खलनायिकेच्या अंगात, आणि शेवटी आपला शिरच्छेद ठरलेला आहे हे तिला ठाऊक असतं. तिकडे या प्रकाराचं पीक जोरात आहे. जपानमध्ये हौशी लेखकांनी कथा टाकायची 'शोसेत्सुका नि नारो' ही साइट २००४ पासून चालू आहे, आणि या साच्यातल्या ढीगभर गोष्टी आधी तिथेच आल्या. आपल्याकडे त्याचं मराठी कलम लागलंय.

वर एखादी शक्ती मिळतेच. वस्तूला हात लावला की तिचा भूतकाळ दिसणं, दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणं, जखमा भरून काढणं.

पहिले दहा भाग झकास जातात. ती साखरपुडा मोडते, अंगठी भर मांडवात परत करते, बहिणीला चार शब्द सुनावते. मग तो येतो. परदेशी साच्यात उत्तरेकडचा थंड चेहऱ्याचा ड्यूक, आपल्याकडे बीकेसीतला सीईओ किंवा एखाद्या वाड्याचा वारस. तो आला की नायिकेची स्मरणशक्ती बिनपगारी रजेवर जाते.

एक प्रसंग सांगते, कथेचं नाव घेत नाही. या नायिकेला वस्तूचा भूतकाळ दिसतो. मागच्या जन्मी तिला केशरी दुधातून विष दिलेलं. साठाव्या भागाच्या आसपास कोजागिरी येते. गच्चीवर तोच चांदीचा पेला, तीच बहीण ट्रे घेऊन उभी. दुधावर साय धरलीय, सायीला केशराच्या काड्या चिकटल्यात, असं छान वर्णनही आहे. आता हिने पेला नुसता हातात घेतला की दूध कोणी आटवलं, पुडी कोणी सोडली, सगळं दिसायला हवं. ती पेला हातात घेते. आणि काय दिसतं? नायकाचे डोळे. समोर उभा आहे ना तो. मग ती पिते, कोसळते, तो तिला झेलतो, पुढचे आठ भाग हॉस्पिटल. शुद्धीवर आल्यावर 'तू माझ्यावर विश्वास का ठेवला नाहीस' यावरून रुसवे-फुगवे. शक्तीचं कुणी नावही काढत नाही.

वापरायचीच नव्हती तर दिली कशाला?

माझ्या मते पुनर्जन्माच्या गोष्टीत खरी शक्ती एकच असते, आठवण. बाकीच्या शक्ती वरचा मसाला. आणि आठवण ही अशी चीज आहे की वापरली की शिळी होते. हिने साखरपुडा मोडला त्याच क्षणी तिच्या डोक्यातल्या पाच वर्षांची रद्दी झाली. जी माणसं जशी वागली ती हिच्या त्या लग्नामुळे वागली होती. लग्नच नाही तर ती वेगळं वागणार. इथे मात्र सगळं मोडूनही खलनायक त्याच तारखेला त्याच गोदामात तीच माणसं घेऊन हजर! म्हणजे नायिकेच्या निर्णयाने जगात काडीचाही फरक पडलेला नाही. मग ती परत आली कशासाठी?

तुमचं काय म्हणणं?

तुर्भे लोकल

धागा वाचून हसले खूप. कोजागिरीची कथा कुठली ते कळलं, मी ती पूर्ण वाचलीय. आणि आवडलीय.

ताई, राग मानू नका, पण मी ठाण्याहून संध्याकाळची वाशी गाडी पकडते तेव्हा दिवसभर ऑफिसात डोकं वापरून झालेलं असतं. रबाळे-घणसोलीला गर्दी इतकी की मोबाइल नाकाशी धरावा लागतो. त्या वेळात मला कार्यकारणभाव नको असतो. तुर्भ्याला उतरेपर्यंत त्याने तिचा हात धरलेला हवा, बस. शक्तीचा हिशेब कोण ठेवतंय?

घोडबंदरकर

राग कसला! पण एक विचारते. तो हात धरतो त्या भागात तुम्हाला जास्त मजा कधी येते, तो धरणारच हे माहीत असतं तेव्हा, की धरेल की नाही अशी धाकधूक असते तेव्हा? ती धाकधूक कथानकातूनच येते हो.

तुर्भे लोकल

हे वकिली झालं. पण हो, धाकधूक असते तेव्हा.

मसुंदा काठ

धाग्यातल्या तरुण मंडळींना वाटेल पुनर्जन्माची प्रेमकथा कोरियातून आली. अहो, सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने लिहून ठेवलीय, नाव 'कादंबरी'. अर्धी राहिली ती त्याच्या मुलाने पुरी केली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, तिथे जाऊन मराठी अनुवाद मागा, चार दिवस सत्कारणी लागतील.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती घोडबंदरकरांच्या मुद्द्याला नेमकी लागू आहे. महाश्वेतेचं पुंडरीक नावाच्या ऋषिकुमारावर प्रेम बसतं, तो विरहाने मरतो. पुन्हा भेट होईल असं वचन तिला आकाशातून मिळतं, म्हणून ती अच्छोद सरोवराकाठी तप करत वाट पाहत राहते. पुंडरीक पुन्हा जन्मतो, वैशंपायन म्हणून, उज्जयिनीच्या राजपुत्राचा मित्र. फिरत फिरत त्याच सरोवराशी येतो. तिला पाहून वेडा होतो. का ते त्याचं त्यालाच कळत नाही, कारण आठवण नाही. तिच्या मागेच लागतो. आणि तपाचं बळ अंगी असलेली ही बाई, ज्याची वाट पाहत बसलीय त्यालाच परका कामातुर पुरुष समजून शाप देते, पोपट हो. तो होतो.

पाहा म्हणजे. शक्ती आहे, ती वापरली गेली, आणि नेमकी चुकीच्या जागी लागली. हा सगळा घोटाळा आपल्याला कोण सांगतं? तोच पोपट, शूद्रक राजाच्या दरबारात. आणि तो राजा म्हणजे पुन्हा जन्मलेला तोच राजपुत्र. हेही शेवटापर्यंत झाकून ठेवलेलं. वाचणाऱ्याला कधी काय कळू द्यायचं याचा बाणाने किती विचार केलाय बघा. आजचे लेखक पहिल्याच परिच्छेदात सगळी पानं उलटी टाकतात.

कोपरीचा वाचक

मसुंदा काका, नेहमीसारखंच भारी.

मी सिनेमावाला माणूस, म्हणून तिकडचं सांगतो. राजामौलींचा 'ईगा' (२०१२) बघा. नायकाचा खून होतो आणि तो जन्मतो माशी म्हणून. घरात फिरते ती साधी माशी. बोलता येत नाही, ताकद नाही, कुणीही फडक्याने मारेल. आता याने एका धनदांडग्याचा सूड घ्यायचा. मग माशीला जे जमतं तेच तो करतो. रात्रभर कानाशी गुणगुणून झोपू देत नाही, गाडी चालवताना सतावतो, अपघात घडवतो, काचेवर धमकी लिहितो. नायिका सूक्ष्म कलाकृती करणारी आहे, म्हणून तीच त्याच्यासाठी इवलासा चष्मा आणि सुईचं हत्यार बनवून देते. तिचं कसबही कथेत कामाला आलं. अख्ख्या सिनेमात नायकाला एकही फुकटची शक्ती नाही, आणि जागेवरून हलावंसं वाटत नाही.

याउलट आपल्या ॲपवाल्या नायिकेकडे त्रिकालज्ञान आणि वर संजीवनी, तरी ती गोदामात बांधलेली सापडते.

मसुंदा काठ

संजीवनीचं नाव काढलंत म्हणून. कचाला संजीवनी विद्या कशी मिळाली आठवा. असुरांनी त्याला मारून, जाळून, राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजली. आता कचाला जिवंत करायचं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून पोटातल्या कचाला विद्या शिकवायची, त्याने बाहेर येऊन मेलेल्या गुरूला उठवायचं. त्यानंतर देवयानी लग्नाचं विचारते, तो म्हणतो मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, तू बहीण झालीस. ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, नको फळू दे, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल.

एका प्रेमभंगात शक्तीची मालकी बदलली, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर चालली.

तुर्भे लोकल

काका, तुम्ही ॲपवर लिहा ना, रोजचा एक भाग. मी कॉइन (ॲपवर भाग उघडायला विकत घेतात ते) भरून वाचीन.

शाईचा डाग

बराच वेळ नुसती वाचत होते. मी लिहिणाऱ्यांपैकी आहे. कळव्यात राहते, दोन मालिका पुऱ्या झाल्यात, तिसरी चालू आहे. कोजागिरीवाली माझी नाही, पण असली पापं माझ्याही नावावर आहेत. म्हणून आतली बाजू सांगते. ॲपचं नाव नको.

रोज एक भाग टाकायचा. हजारेक शब्द. पहिले काही फुकट, पुढचे कुलूपबंद. म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी असं काहीतरी हवं की वाचणारी पुढचं कुलूप उघडेल. हे 'काहीतरी' सगळ्यात स्वस्तात कसं मिळतं? गैरसमजातून. कुणीतरी अर्धवट ऐकलं, कुणीतरी चुकीच्या वेळी दारात आलं. मनातलं ऐकू येणारी नायिका ही माझी डोकेदुखी होती, कारण तिचा गैरसमज होईलच कसा! बाराव्या भागात मला कळून चुकलं की ही शक्ती ठेवली तर मालिका विसाव्या भागात संपते. मग मी काय केलं? तिला ताप आणला. तापात शक्ती गेली. वाचकांनी विचारलं, परत कधी येणार? मी लिहिलं, लवकरच. ती शेवटपर्यंत आली नाही.

दुसरं म्हणजे प्रतिसाद. मी एकदा सलग तीन भाग नायिकेच्या सूडाच्या तयारीवर खर्च केले. कागद जमवणं, जुन्या मोलकरणीला शोधणं, बँकेतल्या लॉकरची भानगड. मला लिहायला मजा आली. खाली प्रतिसाद काय? 'हिरो कुठे आहे?' 'आज पण भेट नाही?' 'लेखिका ताई बोअर करू नका.' वाचक उतरले की लगेच आकड्यात दिसतं. चौथ्या भागात मी त्याला पावसात छत्री घेऊन आणला.

तेव्हा आळस म्हणून सोडून देऊ नका. पैसे ज्या बाजूने येतात त्या बाजूला गोष्ट कलते.

घोडबंदरकर

शाईताई, इतकं मोकळेपणाने कुणी लिहीत नाही, थँक्यू. तापाने शक्ती गेली हे वाचून गडबडा लोळले.

कुलुपाचं पटलं. पण नाईलाज मला पटत नाही. गैरसमज सोडून धाकधूक निर्माण करता येतेच की. मनातलं ऐकू येतं ना तिला? मग तिला ऐकू येऊ दे की तो खरंच तिच्यावर प्रेम करतोय, आणि त्याच मनात हेही ऐकू येऊ दे की तो वडिलांना वाचवायला तिचं घर गहाण टाकणार आहे. दोन्ही खरं. आता ती काय करणार? यात कुणी अर्धवट ऐकलेलं नाही, सगळं पूर्ण ऐकलंय, आणि म्हणूनच पंचाईत आहे. यावर दहा भाग आरामात निघतील, आणि प्रत्येकात तो असेल.

आणखी एक, ज्याला कुणीच हात घालत नाही. मागे परत आलेली नायिका त्याला पाच-दहा वर्षं ओळखते. तो कुठल्या बाजूला वळून झोपतो, खोटं बोलताना चष्मा पुसतो, सगळं तिला माहीत. त्याने मात्र तिला काल पहिल्यांदा पाहिलंय. हे बरोबरीचं प्रेम आहे का? त्याची प्रत्येक आवड-निवड आधीच ठाऊक असताना त्याला प्रेमात पाडणं म्हणजे फुटलेला पेपर घेऊन परीक्षेला बसणं. त्याला हे कळलं तर? माझ्या मते अख्ख्या प्रकारातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि तो शेवटच्या भागात 'मला सगळं माहीत होतं, वेडे' म्हणून उरकतात.

कोपरीचा वाचक

हे जबरी आहे.

बाय द वे, मागे जाऊन तारीख माहीत असण्याचा खेळ ठाण्यात खेळायचा तर २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी. नायिका परत आली २५ तारखेला. पाऊस थांबवता येणार नाही. लोकांना सांगितलं तर कोण ऐकणार, सकाळी तर नेहमीसारखाच पाऊस होता. ॲपवाली नायिका काय करेल? कुर्ल्याला अडकलेल्या सीईओच्या गाडीपाशी बरोब्बर पोचेल.

मी लिहिलं असतं तर असं. ती आपल्या माणसाला हातापाया पडून ऑफिसला जाऊ देत नाही. तो घरी थांबतो. घर साकीनाक्याला, डोंगराच्या पायथ्याशी. दरड त्याच दिवशी कोसळली होती. मागच्या खेपेला तो ऑफिसात अडकला म्हणून वाचला होता, हे तिला माहीतच नव्हतं, कारण तो दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर काय झालं ते कधी नीट बोललाच नव्हता.

तुर्भे लोकल

ए नको ना. मी त्या रात्री सायनहून चालत आले होते. असलं वाचायला मी कॉइन नाही भरणार.

आगरी पोर

सगळ्यांचं वाचलं. आता नवी मुंबईकराचं ऐका.

या कथांत एक आवडता प्रकार असतो, नायिका मागे जाते आणि स्वस्तात जमीन घेऊन करोडपती होते. चीन-कोरियाच्या गोष्टींतही असतं म्हणे. आपल्याकडे लगेच नवी मुंबई आठवते. १९७० ला जा, बेलापुरात शेत घे, पन्नास वर्षं थांब. वाचताना मला नेहमी वाटतं, ही बाई जमीन घेते कुणाकडून?

तिला विकत घेणाऱ्याच्या घरात कशाला, ज्याची जमीन जाणार आहे त्याच्या घरात जन्माला घाला. भातशेती आणि मिठागर असलेलं घर. मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी जायच्या आहेत. पोरीला पुढचं सगळं माहीत आहे. ती बापाला सांगते, विकू नका. अहो, पण ही विक्री नाही, संपादन आहे. बाप नाही म्हणाला तरी जमीन जाणारच. इथे तिची पहिली शक्ती गळून पडली. जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याला जमिनींसाठी आंदोलन करणाऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, हेही तिला माहीत आहे. त्यानंतर साडेबारा टक्क्यांचे भूखंड, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जागा परत, मिळायला लागले, तेही माहीत. आता जाणाऱ्यांना अडवलं तर पुढचं आंदोलन उभं राहील का, साडेबारा टक्के मिळतील का? अडवलं नाही तर आपल्याच गावच्या माणसांना मरणाकडे जाताना बघत राहायचं. शिळं होणारं ज्ञान म्हणताय ना, ते हे.

मग तिच्या हातात उरतं काय? कागद. पुढे जे मिळणार ते कागदावरच्या नावाला मिळणार, हे फक्त तिलाच ठाऊक आहे. बाप गेला की वारस नोंदीत भावांची नावं लागणार आणि बहिणींकडून हक्कसोड लिहून घेणार. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या वाट्यात मुलीचाही हक्क आहे, पण मागायला जाते कोण? मागितलं की माहेर तुटलं. ती सही करत नाही. तलाठी कार्यालयात सगळ्यांसमोर अंगठ्याची शाई पुढे केलेली असताना हात मागे घेते. भाऊ बोलायचा थांबतो. ज्याच्याशी लग्न ठरलंय तो भावाचा जिवलग मित्र, तोही घराच्या बाजूने. बघा लव्ह स्टोरी झाली की नाही.

घोडबंदरकर

आगरी पोर, हे इथे का टाकलंस? आता कुणीतरी चोरणार.

शाईचा डाग

कुणीतरी नाही, मीच. विचारून चोरते. दादा, घेऊ का? चालू मालिका महिनाभरात आटपतेय, पुढची हीच लिहिते. मागच्या जन्मी तिने सही केली होती, असं धरते. भावाने वर्षानुवर्षं राखी बांधून घेतली आणि भूखंडाचं कधी बोलला नाही. म्हणजे भाऊही वाईट नाही, नुसता गप्प. वेगळी शक्ती देतच नाही, आठवण पुरे.

फक्त नियोजित नवऱ्याचं कोडं सुटत नाही. तो घराच्या बाजूने असेल तर वाचकांना आवडणार कसा?

मसुंदा काठ

त्याला आवडता करायला जाऊ नका. त्याला बरोबर असू द्या. तो म्हणेल, आज चार पैशांच्या खाजणासाठी भाऊ तोडतेस, तुला काय वेड लागलंय? १९७० साली त्याच्या जागी कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. तिच्याकडे उत्तर आहे, पण ते सांगितलं तर ती खरंच वेडी ठरेल. दोघंही खरे, आणि मध्ये न सांगता येणारी गोष्ट. कुलूप लावायला याहून चांगली जागा कुठली?

तुर्भे लोकल

आणि तो तरीही तिला सायकलवरून तलाठ्याकडे सोडायला जातो. बोलत नाही तिच्याशी, पण जातो. हे घाला प्लीज. हे असेल तर मी पहिल्या दिवसापासून कॉइन भरते, सूडाचे तीन भाग असले तरी.

शाईचा डाग

सायकल घेतली. नावासकट श्रेय देईन, म्हणजे तुर्भे लोकल या नावासकट.

आगरी पोर

खुशाल घ्या ताई. फक्त गाव आधी ठरवा, नाहीतर जाणकार लगेच पकडतील. बेलापूर, तुर्भे, वाशीकडचं गाव घेतलंत तर ठाणे जिल्हा. पनवेल-उरणकडचं घेतलंत तर तेव्हा कुलाबा जिल्हा, रायगड हे नाव १९८१ ला आलं. १९७० च्या सातबाऱ्यावर रायगड लिहिलंत तर माझा पहिला प्रतिसाद तोच असेल. आणि मिठागराचं काम कसं चालायचं, बायका काय काय करायच्या, ते आजीला विचारून व्यनि (खाजगी निरोप) करतो. तिला बोलतं केलं की थांबत नाही, तेव्हा वही घेऊन बसा.